घुब्रातलं पॉम्पेई

मस्कतच्या घुब्रा भागात आम्ही नऊ वर्षं राहिलो आणि नऊही वर्षं आम्ही पुढच्या वर्षी परत जाणार होतो. नवऱ्याचा हा ठाम निर्णय होता आणि दर उन्हाळ्यात तो नव्याने ठाम व्हायचा. त्यामुळे भाड्याच्या त्या घरात नवं असं काही आलंच नाही. सोफा केरळला परतलेल्या एका कुटुंबाचा, जेवणाचं टेबल हैदराबादला परतलेल्यांचं, पडदे कुणाचे होते देव जाणे. चांगल्या वस्तू घेत नव्हतो असं नाही, पण त्या पुण्याच्या घरासाठी. रुवीच्या बाजारातल्या सेलमधला डिनर सेट, मिक्सर, चादरी, सगळं खोक्यांत भरून, चिकटपट्टी लावून पलंगाखाली. आणि पुण्याच्या त्या कुलूपबंद घरात तरी काय, सोफ्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. घरं दोन होती आणि दोन्हीकडे आम्ही पाहुणे होतो.

भिंतीला खिळा ठोकायची बंदी होती. घरमालक याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता, कायदा आमचा आम्हीच केलेला. लेकीने चित्र काढलं की मी ते कौतुकाने बघायची, पुण्याच्या तुझ्या खोलीत लावू म्हणायची आणि फाइलमध्ये ठेवून द्यायची. ती खोली लेकीने सुट्टीत पाहिली होती. तिथे आम्ही जुना फ्रीज ठेवला होता.

ती सहावीत असताना शाळेच्या प्रदर्शनासाठी तिच्या वर्गाला पॉम्पेई हा विषय आला. ज्वालामुखीच्या राखेखाली एका दिवसात गाडलं गेलेलं आणि म्हणूनच जसंच्या तसं राहिलेलं रोमन शहर. नवऱ्याच्या अंगात एकदम उत्साह संचारला. सोडा, व्हिनेगर, लाल रंग. त्याने बसल्या जागी डोंगराचा नकाशा काढला. लेकीला डोंगरात काडीचा रस नव्हता. तिला खालचं घर करायचं होतं. भट्टीत तसाच राहून कोळसा झालेला पाव, खाणावळीच्या ओट्यात बसवलेले रांजण, दाराशी साखळीने बांधलेला कुत्रा, हे सगळं तिने शोधून काढलं. पण तिच्या मनात बसल्या त्या भिंती. इतकी शतकं राखेखाली राहूनही लाल दिसणाऱ्या, चित्रांनी भरलेल्या.

"आई, ते डायरेक्ट भिंतीवर काढायचे. कोणी ओरडलं नाही," तिने जेवताना सांगितलं. मराठीत बोलताना ती नेहमी शब्द चाचपडायची, पण हे वाक्य अगदी सरळ आलं.

मी म्हटलं, आणि बघ पुढे त्यांचं काय झालं. आया असं काहीही बोलून जातात.

चपलांच्या खोक्यात तिने घर उभं केलं. राख विकत आणावी लागली नाही. आमच्या गॅलरीत वाळवंटाची राखेसारखी धूळ बाराही महिने फुकट मिळायची, मी फक्त केरसुणी फिरवली. दारात काळा कुत्रा, भिंती लालभडक, त्यांवर नखाएवढी चित्रं. मी तोंडभर कौतुक केलं आणि चार मैत्रिणींना फोन करून कळवलं.

प्रदर्शनाच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये एकामागून एक ज्वालामुखी फसफसत होते आणि प्रत्येकामागे एकेक बाप घाम पुसत उभा होता. आमचं टेबल शांत होतं. लेकीच्या बाई आल्या, वाकून बघू लागल्या. घराच्या एका कोपऱ्यात काडेपेटीपेक्षा लहान खोकी रचली होती, प्रत्येकावर तपकिरी पट्टी. मला ती तोवर दिसलीच नव्हती.

"ही कसली?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"त्यांच्या दुसऱ्या घराची," लेक म्हणाली. "ते पुढच्या वर्षी जाणार होते."

बाईंना कल्पना फार आवडली. त्यांनी तिची पाठ थोपटली. नवरा शेजारच्या डोंगराकडे तज्ज्ञासारखा बघू लागला. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग नेमका कुणावर काढावा ते कळत नव्हतं, कारण घरच्या खोक्यांवर पट्ट्या मीच लावलेल्या होत्या.

 परतताना घराचं वळण आलं तरी नवऱ्याने गाडी वळवली नाही. थेट हमरियाच्या बाजारातल्या गर्दीत नेली आणि एका दुकानातून खिळे आणि हातोडी घेऊन आला. नवऱ्याचं कामच पूल बांधायचं, आणि त्याच्या घरात नऊ वर्षं हातोडी नव्हती. पहिला खिळा वाकला, दुसऱ्याने रुपयाएवढा गिलावा खाली आणला, तिसरा बसला. जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर लेकीने कागदावर रंगवलेला पॉम्पेईचा कुत्रा लटकला. मला ते घर त्या दिवशी पहिल्यांदा आमचं वाटलं.

आणि त्याच वर्षी तेलाचे भाव पडले. नवऱ्याच्या कंपनीने अर्धी माणसं कमी केली, त्यांत तो होता. म्हणता म्हणता पुढचं वर्ष खरोखरच येऊन ठेपलं.

घर ताब्यात घ्यायला घरमालक स्वतः आला. म्हातारा ओमानी, आमच्याशी हिंदीतच बोलायचा. मी त्याला आधीच खिळ्याची जागा दाखवली, माफी मागितली. तो सगळ्या खोल्यांतून फिरून आला. कोऱ्या पांढऱ्या भिंतीवरून त्याने हात फिरवला.

"नौ साल में एक कील?" त्याने विचारलं. "मदाम, तुम लोग इधर रहता था कि नहीं?"

मी हसले. तोही हसला, खलास म्हणाला आणि किल्ल्या घेऊन गेला.

पुण्यात येऊन महिना झाला तरी सोफ्यावरचं प्लॅस्टिक तसंच होतं. काढू, काढू म्हणत राहून गेलं होतं. एका दुपारी आतल्या खोलीत नवरा कतारमधल्या दोह्याच्या एका कंपनीशी फोनवर बोलत होता, आवाज मुलाखतीचा. फ्रीज हलवून लेकीची खोली मोकळी केली होती. तिने खोक्यातून हातोडी शोधून काढली होती आणि दुसऱ्या हातात तो कुत्रा घेऊन भिंतीसमोर उभी होती. आतला आवाज ती ऐकत होती. मग माझ्याकडे वळली.

"आई, ठोकू? की इथून पण जायचंय?"