वाघबारशीचा रंग

माघी पाड्याची गुरं राखायची. नवरा जिवा गेला तेव्हा लोकांना वाटलं, आता दुसरा गुराखी शोधावा लागणार. पण सुतक सरलं आणि सकाळी माघीच काठी घेऊन दारोदार हाका मारत निघाली. गुरं ओळखीनं तिच्यामागे गेली, आणि ते काम तिचंच झालं. गाभण गाय चढणीला थकली तर माघी सगळा कळप थांबवायची.

जव्हार संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मोखाड्याच्या रस्त्याला ओहोळावर लोखंडी पूल झाला. गंज चढू नये म्हणून कामावरच्या माणसांनी त्याला दाट तांबडा रंग फासला, आणि जाताना उरलेले डबे काठावरच टाकले.

दिवाळीच्या तोंडावर, वाघदेवाच्या सणाला, वाघबारशीला गुरं रंगवायची रीत. दरवर्षी माघी गेरू कालवायची, पण तो लगेच उडून जायचा. यंदा तिनं ते डबे उचलून आणले.

"दिवाळीभर लाल दिसतील माझी ढोरां," ती शेजारच्या लाडकीला म्हणाली. तिनं शिंगं रंगवली, पाठी रंगवल्या, वासरांच्या अंगावर आपल्या पंजाचे ठसे उठवले. सगळा पाडा बघायला आला.

गाई वासरांना चाटतात, वासरं एकमेकांना. त्या रंगाला गोडसर चव होती.

दिवाळी संपता संपता पाड्यातल्या पुंजाचं वासरू कुडाच्या भिंतीला डोकं लावून उभं राहिलं. ते करकर दात खात होतं. डोळे उघडे होते, पण पुढे हात हलवला तरी पापणी लवत नव्हती. संध्याकाळी ते पाय झाडून मेलं. मग लाडकीचं गेलं, मग आणखी काही. भगतानं तांदूळ टाकून पाहिले आणि वाघदेव कोपल्याचं सांगितलं. कोंबडं कापून झालं, तरी वासरं पडतच होती. तेव्हा माघी चालत मोखाड्याला गेली आणि गुरांच्या डॉक्टरला घेऊन आली.

डॉक्टरनी मेलेलं वासरू फाडलं. पोटात तांबडे पापुद्रे निघाले.

"हा रंग कुणी लावला?"

"मी," माघी पुढे होऊन म्हणाली. "माझ्याच हातानं."

"बाई, यात शिसं असतं. मासे धरायच्या जाळ्याला लावतात ना, तेच. पोटात गेलं की मेंदूला चढतं. तुम्हाला हे कसं कळणार? ज्यांनी डबे उघड्यावर टाकले, त्यांनी सांगायला हवं होतं."

माघी खालीच बसली. पण डॉक्टरनी तिला उठवून कामाला लावलं. दोघांनी मिळून राख-माती चोळून गुरांचा रंग काढला, रंगलेली शिंगं खरवडली, गुरांना जुलाबाचं मीठ पाजलं. डबे खोल पुरले. मोठी गुरं वाचली.

पाड्यानं तिला शिव्या दिल्या नाहीत, पण ज्यानं त्यानं आपापली गुरं स्वतः रानात न्यायला सुरुवात केली. तेच तिला जास्त लागलं.

पुंजाची कबरी गाय त्यातून वाचली होती. पुढच्या वर्षी तिचं वासरू पोटातच मेलं. त्यानंतर एक कालवड झाली, तिला धड उभं राहता येईना. डॉक्टर म्हणाले, "शिसं आईच्या हाडात साठून राहतं. गर्भात जातं, दुधात उतरतं. पिढ्यान् पिढ्या चालतं का, ते मात्र मला सांगता येणार नाही."

"विषाची अवलाद आहे. रानात सोडून येतो," पुंजा म्हणाला.

"मना दे," माघी म्हणाली.

तिनं कालवडीला आईचं दूध तोडलं आणि शेळीच्या दुधावर वाढवलं. रोज पोटाखाली गोणपाट घालून ती तिला उभी करायची, पाय चोळायची. लोक हसले. कालवड लंगडतच चालू लागली, पण चालू लागली. हळूहळू लाडकीनं आपली गुरं पुन्हा माघीकडे दिली, मग इतरांनी.

चार-पाच वर्षांनी ती लंगडी गाभण राहिली. ती व्याली त्या सकाळी पुंजा न बोलावता आला आणि दाराशी उभा राहिला. वासरू थरथरत उठलं, पडलं, पुन्हा उठलं. माघीनं त्याच्या डोळ्यांपुढून हात फिरवला. वासरानं मान वळवून त्या हाताकडे पाहिलं.

"दिसतं याला," पुंजा म्हणाला. मग आत येऊन त्यानं वासराचं अंग पुसायला घेतलं. माघीला रडू आवरेना, तिनं त्याला पुसू दिलं.