पालखीच्या वाटेवरची अकरा वर्तुळं

माझ्या मुलीने, ऋजुताने, वाघजाईच्या पालखीसमोर दीड-दोनशे माणसांच्या देखत जे मागणं मागितलं ते माझ्याविषयी होतं, आणि त्यात तिची काहीही चूक नव्हती.

ऋजुता तेव्हा हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. डिजिटल कॅमेरे नुकतेच स्वस्त झाले होते आणि कंपनीतल्या प्रत्येकाला आपण कलावंत असल्याचा शोध लागला होता. ऋजुताने घाटमाथ्यावरच्या एका गावच्या चैत्री जत्रेत एक दिवसाची फोटोग्राफी कार्यशाळा आखली. तिच्यासकट आणि तिचे साहेब व्यंकट यांच्यासकट अकरा जण, शिवाय शिकवायला पराग सर. सगळा खटाटोप एका फोटोसाठी. देवीची पालखी देवळातून निघून कड्यावर जाते, तिच्यामागे सूर्य बुडतो. तो फोटो कंपनीच्या कॅलेंडरवर छापायचं साहेबांनी कबूल केलं होतं. ऋजुताची ही पहिलीच आखणी, त्यामुळे ती आठवडाभर नीट जेवली नव्हती.

बसमध्ये एक जागा रिकामी होती. ती माझी.

मी हडपसरच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं तपासणी विभागात काढली. माप घेतल्याशिवाय मला चहासुद्धा गोड लागत नाही, असं बायको म्हणते. (ती दीड चमचा साखर घालते. मी मोजली आहे.) निघायच्या दिवशी पहाटे मी तिच्याकडे रांगोळीचं पुडकं मागितलं.

"अहो, फोटो काढायला चाललात की सत्यनारायणाला?"

"जागा आखायची वेळ आली तर मातीवर खडू उठत नाही," मी म्हणालो. विचार किती खोल होता बघा!

गावात पोहोचल्यावर पराग सरांनी पहिली अडचण सांगितली. "सगळे पालखीकडे धावतात आणि एकमेकांच्या फोटोत येतात. माझ्याकडे मागच्या वेळचे पाठींचे चाळीस फोटो आहेत."

"प्रत्येकाला ठरलेली जागा द्या," मी म्हणालो.

"बाबा," ऋजुता हळूच म्हणाली, "तुम्ही नुसतं बघा हं. मदत करू नका."

"मदत नाही गं. नुसती आखणी."

दुपारी सगळे पिठलं-भाकरीवर असताना मी टेप घेऊन निघालो. देऊळ ते कडा अंतर मोजलं. पालखीचा वेग गुरवाला विचारून घेतला. सहा वाजून पाच मिनिटांनी निघणार, बत्तीस मिनिटांत कड्यावर, सूर्यास्त सहा बावन्नला. हाताशी पंधरा मिनिटं शिल्लक! मग वाटेच्या कडेने सारख्या अंतरावर रांगोळीची अकरा वर्तुळं काढली. इतकी गोल वर्तुळं त्या गावाने पाहिली नसतील. दोरी आणि खुंटी वापरली होती.

एक आजीबाई डोक्यावर पाटी घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या. "ही समदी तुमचीच?"

"हो, अकराच्या अकरा आमचीच," मी ताठ मानेने सांगितलं.

"लई भाविक मानसं बघा पुन्याची!"

मला वाटलं, कौतुक आहे. कौतुकच होतं म्हणा.

सहा पाचला ढोल वाजले, गुलाल उडाला, पालखी हलली. प्रत्येक जण आपापल्या वर्तुळात कॅमेरा रोखून उभा. पहिल्या वर्तुळात केतन नावाचा मुलगा होता. पालखी त्याच्यासमोर आली आणि थांबली. भोयांनी ती खाली टेकवली. ढोल बंद. सगळा गाव केतनकडे बघायला लागला.

"ह्यांचे पाय धुवा," गुरव म्हणाला.

"कोणाचे?" केतनचा आवाज चिरकला.

तेव्हा गावच्या सर्जेराव पाटलांनी मला बाजूला घेऊन समजावलं. वाटेवर ज्याने रांगोळीचं रिंगण घातलं त्याने देवीला थांबवलं, अशी गावची रीत. त्याने भोयांचे पाय धुवायचे, नारळ द्यायचा आणि आपलं मागणं मोठ्याने बोलायचं.

"पण पाटील, ही फोटोची जागा आहे!"

"असू द्या की. देवी काय फोटूला नगं म्हन्ती व्हय? नारळाची चिंता करू नका, जत्राच हाय."

केतनने आपल्या विकतच्या पाण्याच्या बाटलीने चार भोयांचे पाय धुतले. "बोला, काय मागणं हाय?" गुरवाने दम दिला. "मोठ्यानं! देवीला आन् गावाला, दोघांना ऐकू जाया पायजे."

केतन घाबरला आणि घाबरलेला माणूस खरं बोलतो. "ह्या कंपनीतून लवकर सुटका होऊ दे!"

व्यंकट साहेब बंगळूरचे. त्यांनी ऋजुताला विचारलं, "क्या माँगा?"

"कंपनी की तरक्की, सर."

"व्हेरी गुड बॉय," साहेब म्हणाले.

मी घड्याळ पाहिलं. एका रिंगणाला सहा मिनिटं चाळीस सेकंद. गुणिले अकरा. त्र्याहत्तर मिनिटं वीस सेकंद! पालखी कड्यावर सात पन्नासला. मी हा हिशेब ऋजुताला सांगितला. तो तिला नको होता, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळायला हवं होतं.

"बाबा, काहीतरी करा!"

म्हणून केलं. पालखीच्या पुढे धावलो आणि तिसरं वर्तुळ बुटाने पुसायला लागलो. आजूबाजूच्या बायकांनी एकदम तोंडावर हात ठेवले.

"रिंगणाला पाय लावला वो!"

त्याचा दंड म्हणून मी पाच लोटांगणं घातली. तीन मिनिटं गेली. (माझं पोट लक्षात घेता, वेग वाईट नव्हता.) पराग सरांनी त्याचे नऊ फोटो काढले. त्यांना वाटेत दुसरं काही काढण्यासारखं उरलं नव्हतं.

पुढे एकाने अमेरिकेचा व्हिसा मागितला. एकीने लग्न मागितलं, मुलाच्या नावासकट, आणि तो मुलगा शेजारच्याच रिंगणात उभा होता. व्यंकट साहेबांनी हिंदीतून सर्व्हर बंद पडू नये म्हणून साकडं घातलं. सूर्य माझ्या गणिताप्रमाणे बरोबर सहा बावन्नला, एकही सेकंद न थांबता, एकटाच कड्यामागे उतरला.

शेवटचं रिंगण ऋजुताचं. तोवर पेट्रोमॅक्स पेटले होते. तिने शांतपणे पाय धुतले, नारळ ठेवला, हात जोडले.

"बोल पोरी, काय मागणं हाय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या शर्टावर गुलाल, माती आणि रांगोळी सम प्रमाणात होती.

"आई वाघजाई," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "ह्यापुढे बाबा माझ्याबरोबर कुठेही येऊ नयेत."

अख्खा गाव हसला. पाटील तर डोळे पुसत होते. "मागावं तर असं!"

पालखी कड्यावर पोहोचली सात त्रेपन्नला. माझा अंदाज सात पन्नासचा होता आणि फरकाची तीन मिनिटं माझ्याच लोटांगणांची. याबद्दल मला कोणीही शाबासकी दिली नाही. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर चैत्राच्या पानावर कंपनीची इमारत आली.

वाघजाई फार जागृत आहे. केतनला चार महिन्यांत दुसरी नोकरी लागली. ते लग्नही झालं, आम्ही जेवून आलो. आणि ऋजुताने मला त्यानंतर गोव्याला, महाबळेश्वरला, अगदी हडपसरशेजारच्या मांजरीला घर बघायलासुद्धा नेलेलं नाही.

नवस फेडायला ती दर चैत्रात त्या गावाला जाते. एकटी.