कधीच न सुटणारी मोट

"पुन्हा एकदा चढा," डॉक्टर म्हणाले. अकोल्याच्या दवाखान्याचा जिना मी दुसऱ्यांदा चढू लागलो आणि मधल्याच पायरीवर छाती आवळून आली. डावा हात बोटांपर्यंत जड झाला. कठडा धरून उभा राहिलो. डॉक्टरांनी नाडी धरली आणि शांतपणे विचारलं, "इथं कुठं आहे तुमची विहीर?"

विहिरीची भानगड आधी सांगायला हवी. रिसोडजवळ आमचा भाजीपाल्याचा मळा. विहिरीतून पाणी ओढणारी चामड्याची मोट मीच हाकायचो. बैल विहिरीकाठच्या धावेचा उतार उतरले की मोट वर येते; मग त्यांना मागं रेटत तोच चढ चढायचा. तेवढ्यात छातीत कळ यायची. जरा थांबलो की साफ! घरी बसून कधी दुखलं नाही. बायकोनं निदान करून टाकलं, "इहिरीतल्या आसरा कोपल्या तुमच्यावर. नाईतं दुसरीकडं काहून नाई दुखत?"

मलाही ते पटलं. पाण्यातल्या त्या सात देवींना हिरव्या बांगड्या वाहिल्या, नारळ फोडला. कळ काही हटेना. शेवटी वाशीमला रेल्वेत बसलो.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, अँजायना पेक्टोरिस. म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्यानं उठणारी कळ.

"अंगभर रक्त पुरवणाऱ्या हृदयालाही स्वतःचं रक्त लागतं," ते म्हणाले. "त्याच्या अंगावरच बारीक नळ्या असतात, कॉरोनरी आर्टरीज. तुमच्या अरुंद झाल्यात. बसल्या जागी पुरतं, चढावर पुरत नाही."

"बरं होईन का साहेब?"

"नळ्या मोकळ्या करायचं औषध अजून निघालेलं नाही. पण सांभाळलंत तर जगाल."

माझा चेहरा उतरला असावा, कारण त्यांनी आपली तपासायची नळी माझ्या कानांत घातली आणि तिचं दुसरं टोक माझ्याच छातीवर टेकवलं. आत कुणीतरी काम करत होतं! एका तालात, न बोलता. आमची मोट दुपारी सुटते, बैल सावलीला जातात. ही छातीतली मोट जन्मापासून सुटलेली नव्हती आणि मला पत्ताच नव्हता. भीती क्षणभर विसरलो.

जिभेखाली ठेवायची गोळी मिळाली, नायट्रोग्लिसरीनची. सुरुंगात खडक फोडतो तोच पदार्थ, म्हणे, कणभर. ती विरघळते तशी कळ ओसरते. अजूनही दर वेळी मी थक्क होतो.

तुमच्यापैकी कुणाला असं होत असेल तर कळ येताच थांबा, लाजू नका. भरल्या पोटी चढ चढू नका. थांबूनही कळ राहिली तर देवाला हात जोडा, पण गाडी दवाखान्याकडं वळवा. माझी तंबाखू सुटली, मोट धाकट्या भावाकडं गेली. मी आता वाफ्यांना पाणी देतो, तेही दमादमानं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं आवतण देतात. यंदा बैलांचं झाल्यावर बायकोनं उरलेलं लोणी ओट्यावर बसलेल्या माझ्या छातीला लावलं.

"अवं, मी काय बैल आहो?" मी हसलो.

ती हसली नाही. "आतमंदी वढून राह्यला ना तो, त्याले कोनी इचारते का कदी?"

मग तळहात तिथंच ठेवून हळूच म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."