रविवारचा फोटो

मिस्तरींचा हात चाळीस वर्षं लेथवर बसलेला होता. लोखंड केसभर जरी कमीजास्त झालं तरी त्यांच्या बोटाला कळायचं. कारखान्यातले नवे इंजिनिअर नकाशे पसरून डोकं खाजवत बसायचे आणि शेवटी मुकाट्यानं त्यांनाच विचारायला यायचे. पण बोलण्याचं माप मिस्तरींना कधी जमलं नाही. तोंडाला येईल ते बोलून मोकळे व्हायचे आणि काहीच झालं नसल्यासारखे जेवायला बसायचे.

लेक नवऱ्याचं घर सोडून परत आली, त्याला वर्ष होत आलं होतं. कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये ती कामाला जायची आणि परत आली की मागच्या खोलीचं दार लोटून घ्यायची. त्या खोलीत तिनं तीन फुटांची काचेची टाकी मांडली होती. तळाला काळी माती, तीन दगड, आणि दगडांच्या आडोशाला चिमट्यानं एकेक करून लावलेली रोपं. सुरुवातीला बघणाऱ्याला वाटावं, चिखलात काड्या खोचून ठेवल्यात. मग हळूहळू पुढच्या बाजूला हिरवळ पसरली, मागं लाल पानांची रांग उभी राहिली आणि मधून पेराएवढे वीस निळे मासे फिरायला लागले. दर रविवारी ती टाकीचा फोटो काढायची, तोही अगदी एकाच जागेवरून. कॅमेऱ्याच्या तिवईचे पाय नेमके तिथंच पडावेत म्हणून फरशीवर चिकटपट्टीच्या तीन फुल्या मारलेल्या होत्या.

"दर आठवड्याला तेच काय काढतेस गं?" आईनं एकदा विचारलं.

"रोज बघताना वाढलेलं कळत नाही, आई."

एका दुपारी मिस्तरींच्या बहिणीकडची मंडळी आली होती. कुणीतरी सहज विचारलं, "हिचं काय ठरवलंय पुढं?" आणि मिस्तरी हसत हसत बोलून गेले, "हिचं काय ठरवायचं! नवरा सांभाळता आला नाही, आता मासे सांभाळतेय."

कुणीच हसलं नाही. लेक पाण्याचे ग्लास घेऊन दारातच उभी होती. तिनं ट्रे टेबलावर ठेवला. पाणी हिंदकळलंसुद्धा नाही. तासाभरानं एक बॅग घेऊन ती जिना उतरली. पुढं कळलं की दुसऱ्या शहरात तिला तशाच एका लॅबमध्ये काम मिळालंय. कळलं तेही बायकोकडून. लेकीचा फोन आईला यायचा, आणि फोन आला की आई उठून गच्चीवर जायची.

"जिभेला हाड नाही तुमच्या," एवढंच बायको त्या दिवशी म्हणाली. आणि मग, "आता त्या टाकीचं काय ते तुम्हीच बघा. मी त्या खोलीत पाऊल टाकणार नाही."

खोलीच्या भिंतीवर लेकीनं एक कागद चिकटवून ठेवला होता. दिवा सहा तास. रोपांसाठी कार्बन डायऑक्साइडचा गॅस, सेकंदाला एक बुडबुडा. रविवारी निम्मं पाणी बदलणे. मिस्तरींनी तो कागद कारखान्यातल्या नकाशासारखा वाचला. बादल्या भरल्या, नळी लावली, वाकड्या कात्रीनं पानं छाटली. छाटलेल्या शेंड्यांपैकी चांगले निवडून परत मातीत खोचायचे हेही ते माशांच्या दुकानात जाऊन शिकून आले. पहिल्याच रविवारी तीन फुल्यांवर तिवई ठेवून त्यांनी मोबाइलवर फोटो काढला आणि लेकीला पाठवला. खाली एक अक्षर लिहिलं नाही.

थोड्या वेळानं दोन खुणा निळ्या झाल्या. तिनं पाहिला होता. उत्तर मात्र आलं नाही.

त्या दोन निळ्या खुणांवर माणूस आठवडा काढायला लागला.

फोटो काढणं वाटलं तेवढं सोपं नव्हतं. काचेत खिडकी दिसायची, म्हणून पडदा शिवून घेतला. मग पांढरा बनियन दिसायला लागला, म्हणून काळा सदरा घातला. पाण्याच्या झोतानं पानं हलायची आणि सगळं पुसल्यासारखं यायचं. दुकानदार म्हणाला, "काका, पाच मिनिटं फिल्टर बंद ठेवा, पानं गप्प उभी राहतील." तेही केलं. तरी लेकीच्या फोटोतला लाल रंग काही येईना. मिस्तरींना वाटलं, उजेड कमी पडतोय. सहाचे आठ तास केले, आठाचे अकरा. रोपं आणखी तरारतील असा त्यांचा हिशेब.

रोपांच्या आधी शेवाळ तरारलं. आधी काचेवर हिरवी धूळ, मग पानांच्या कडेला काळी दाढी, मग हिरवळीवर केसांचे पुंजके. मिस्तरी दात घासायचा ब्रश घेऊन रोज दोन-दोन तास टाकीत कोपरापर्यंत हात घालून बसायचे. आज काढावं तर उद्या दुप्पट.

दुकानदार वैतागला. "पोट भरलेल्याच्या ताटात वाढतच राहिलात तर काय होणार? दिवा कमी करा आधी!"

"फोटो काळा येतो."

"फोटो महत्त्वाचा की टाकी?"

मिस्तरी पिशवी उचलून घरी आले. दिवा तेवढाच ठेवला, आणि रोपांनी जोर धरावा म्हणून गॅस तेवढा वाढवला.

पाचव्या महिन्यातल्या एका रविवारी त्यांनी फोटोसाठी फिल्टर बंद केला आणि तेवढ्यात खालच्या मजल्यावरून हाक आली. शेजाऱ्याचा नळ तुटला होता, पाणी थेट दिवाणखान्यात. मिस्तरी पाना घेऊन धावले. दोन तास नळाशी झटापट करून भिजून वर आले, अंग पुसलं, जेवले, झोपले. फिल्टर बंदच राहिला. त्यात वाढवलेला गॅस रात्रभर सुरू.

सकाळी त्यांनी दार उघडलं तर खोलीत काहीतरी कमी होतं. आवाज नव्हता. मासे गुदमरून पाण्यावर आडवे तरंगत होते. त्यांनी धडपडत फिल्टर लावला, गॅस बंद केला, हातानं पाणी ढवळलं, मग टमरेलानं उंचावरून पाणी ओतत राहिले. "उठा रे, उठा की," असं ते मोठ्यानं म्हणत होते. चार मासे हलले. सोळा हलले नाहीत. मिस्तरी फरशीवर बसले. वडील गेले तेव्हाही न रडलेला माणूस तोंडात सदऱ्याची बाही कोंबून रडला, स्वयंपाकघरात ऐकू जाऊ नये म्हणून.

पुढच्या रविवारी त्यांनी फोटो काढलाच नाही. मोबाइलमधला तीन आठवड्यांपूर्वीचा एक बरा फोटो शोधला आणि पाठवून दिला. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी एक जुना.

या वेळी खुणा निळ्या झाल्या आणि पाठोपाठ अक्षरं उमटली. पाच महिन्यांतली पहिली.

"हा जुना आहे. मागच्या आठवड्यातलापण जुनाच होता. उजवीकडचे लाल शेंडे एव्हाना पाण्याच्या वर यायला हवेत. खरा फोटो पाठवा."

मिस्तरींनी ते चार वेळा वाचलं. प्रत्येक फोटोतला एकेक शेंडा ती मोजत होती तर. त्यांना आनंदही झाला आणि तोंड लपवावंसंही वाटलं. त्यांनी काच पुसली नाही, पडदा ओढला नाही, सदरा बदलला नाही. आहे तसा फोटो काढला. शेवाळानं गुदमरलेली टाकी, काचेत पांढऱ्या बनियनमधला एक म्हातारा. पाठवला.

मिनिटभरात फोन वाजला.

"मासे किती राहिलेत?"

"चार."

"विसांतले चार?"

"माझ्याच चुकीनं," मिस्तरी म्हणाले. "फिल्टर बंद राहिला. फोटोसाठी बंद केला होता..."

"दिवा किती तास लावता?"

"अकरा."

"अकरा!" ती ओरडली, आणि मग एकदम खाली आलेल्या आवाजात म्हणाली, "गॅस बंद करा. निम्मं पाणी बदला. टाकी घोंगडीनं झाका, तीन दिवस उघडायची नाही. फिल्टर मात्र चालू ठेवा."

"तू एकदा येऊन बघतेस का?"

"बाबा, पाण्याबद्दल बोला."

मिस्तरींनी घोंगडी टाकली. चौथ्या दिवशी काढली तेव्हा शेवाळ राखाडी होऊन सुटत होतं, पण त्याच्याबरोबर निम्मी हिरवळही कुजून सुटत होती. लाल रांग पार गेली. एका दगडामागं शेवाळ न लागलेलं थोडं हिरवं राहिलं होतं, आणि चार मासे.

त्यानंतर दर रविवारी फोन यायला लागला, पाच मिनिटांचा. दिवा, पाणी, कात्री. मिस्तरी सांगायचे, ती ऐकायची. सहाव्या रविवारी त्यांचा धीर सुटला. कात्रीचं बोलता बोलता ते मधेच म्हणाले, "त्या दिवशी मी जे बोललो ना, ते बापानं बोलायचं नव्हतं. माणसानंच बोलायचं नव्हतं. तू घरात आलीस तेव्हा मला वाटलं होतं लोक काय म्हणतील, म्हणून मीच आधी म्हणून टाकलं. मला माफ कर."



"ऐकलं मी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही. फोटो जात होते, खुणा निळ्या होत होत्या, बाकी काही नाही. आपण बोललो तेच परत चुकलं का, की बोलायला एवढा उशीर केला तेच चुकलं, हे मिस्तरींना कळेना. जेवण तुटलं. टाकीसमोर स्टुलावर तासन्‌तास बसून राहायचे. गुडघे इतके धरले की भरलेली बादली उचलायची म्हणजे दोनदा थांबावं लागे.

तिसऱ्या रविवारी अशीच बादली अर्ध्या वाटेत ठेवून ते भिंतीला टेकले होते. बायको स्वयंपाकघरातून बघत होती. ती आली, बादलीच्या कडीला हात घातला.

"अहो, पाठीचा चुराडा करून घेणार आहात का? धरा त्या बाजूनं."

"फोन आला होता का तिचा?"

"आला होता काल."

"माझ्याबद्दल काही?"

"नाही." बायकोनं बादली उचलली. "चला, पाणी सांडतंय."

दोघं मागच्या खोलीत गेली. बायको दारात क्षणभर अडखळली आणि आत आली. मिस्तरींनी नळीचं टोक तिच्या हातात दिलं आणि दुसरं टोक टाकीत बुडवून ते वाकले.