झडतीबाईंचा अर्ज

झडतीबाई अपमान विसरत नसत आणि आवाजही चढवत नसत. देवासच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत बाहेरून येणारी माहिती तपासणं हे त्यांचं काम, म्हणून हे नाव. मूळच्या धारच्या, दरबारी नोकरी केलेल्या जुन्या घरातल्या. शिपायालाही 'आपण' म्हणत.

तेव्हाची मी म्हणजे पन्नाशीत जावास्क्रिप्ट शिकून डोक्यावर गॉगल चढवलेली शहाणी. आम्ही एका तीर्थाच्या धर्मशाळेचं बुकिंग बनवत होतो. यात्रेकरूचा अर्ज वाचणारा तयार कोड, म्हणजे लायब्ररी, मी इंटरनेटवरून आयती उचलली होती. बाईंनी तिच्यात खोट काढली.

"जावास्क्रिप्टमध्ये सगळ्या नोंदींचा मूळपुरुष एकच. स्वतःकडे नसेल ते नोंद त्याच्याकडून घेते. अर्जात कुणी 'प्रोटो' नावाचा रकाना घुसवला, तर आपली लायब्ररी ते थेट मूळपुरुषावर लिहिते. मग सारं कुळ तसंच."

मला पटलं होतं. पण लायब्ररी मी आणलेली ना! साहेबांनी विचारलं तेव्हा म्हटलं, बाईंना वहम आहे. साहेब हसले. माळव्याच्या सवयीने ते बायकांनाही 'भिया' म्हणत. "यात्रेकरू खोली मागायला येतो भिया, दरोडा घालायला नाही." काम अडवतात म्हणून बाईंना महिन्याची नोटीस मिळाली.

शेवटच्या आठवड्यात विश्वस्तांना काम दाखवायचं होतं. बाईंनी एवढंच मागितलं की पहिला अर्ज त्यांना भरू द्यावा. भरला, प्रोटोच्या रकान्यात 'व्यवस्थापक: हो' असं घालून. मग विश्वस्तांनी साध्या यात्रेकरूच्या नावाने लॉगिन केलं, तर सगळ्या खोल्यांचा ताबा त्यांच्याकडे. त्यांनी नमुन्यादाखल साहेबांच्या नावे काढलेली खोली रद्द करून पाहिली. झाली. साहेबांनी घाईने सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, सगळं जागेवर आलं. बाईंनी शांतपणे तोच अर्ज पुन्हा भरला. साहेबांची खोली विश्वस्तांच्या हातून पुन्हा गेली. नातीला हे सांगताना मी इथे मुद्दाम थांबते आणि बडीशेप चघळते.

विश्वस्तांनी तपासणीचं काम बाईंनाच दिलं. त्यांच्या सहीशिवाय आमचं काही पुढे सरकेना. पाच वेळा काम परत आलं, वर एकच ओळ: "मूळपुरुष अजून उघडा आहे." साहेब त्यांच्या दाराबाहेर बसून राहत आणि मी लायब्ररी उसवत बसे. सही सहाव्यांदा मिळाली.

पुढे त्या धारला परतल्या. मी मावाबाटी, आमच्याकडची खव्याची मिठाई, घेऊन माफी मागायला गेले. त्यांनी चहा दिला, साहेबांची चौकशी केली. म्हणाल्या, त्यांच्यावर राग नाही, त्यांना कळतच नव्हतं.

"आपल्याला कळलं होतं," त्या म्हणाल्या, आणि मावाबाटीचा डबा माझ्या पिशवीत परत ठेवला.