थेंबभर तेलाची भाजी

मुळशीच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा मी बाविशीचा होतो आणि मला चहासुद्धा धड करता येत नव्हता. गावाने माझ्या जेवणाची सोय आधीच लावून ठेवली होती. आठवड्याचे सात वार, सात घरं. ज्या घरचा वार असेल तिथे मला पाटावर बसवायचे आणि ताट वाढायचे. ताटातल्या भाजीवर लालभडक तेलाचा तवंग असायचा. मी मिटक्या मारत जेवलो आणि चार महिन्यांत पोट बिघडवून घेतलं.

पहिल्या तासापासूनच पोटात आग पडायची आणि मी पोरांवर उगाच खेकसायचो. पौडच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. तेल-तिखट बंद, भाज्या नुसत्या परतून खा, नाहीतर बदली मागून आईकडे जा, असं त्यांनी सरळ सांगितलं. मला जायचं नव्हतं. नोकरी पहिली होती आणि ती पोरं मला आवडायला लागली होती.

म्हणून मी वातीचा स्टोव्ह आणि एक कढई आणली, आणि सातही घरी सांगून टाकलं की आता हाताने करून खाणार. सहा घरांनी ऐकून घेतलं. सातवं, शुक्रवारचं घर माझ्या खोलीला लागूनच होतं. तिथल्या वहिनी माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या आणि बोलायला फटकळ. "आमच्या हातात काय खोट निघाली?" एवढंच विचारून त्या आत गेल्या, आणि मग माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मला ते फार लागलं.

कमी तेल म्हणजे तेल नाहीच, असा माझा समज. घोसाळी चिरून कोरड्या कढईत टाकली, ती खालून करपली आणि वरून कच्ची राहिली. दुसऱ्या दिवशी तांब्याभर पाणी ओतलं, तर लगदा झाला. मग कुरडूची पालेभाजी घेतली. कढईत ढीगभर पाला दिसला म्हणून त्या मानाने मीठ घातलं. पाला बसून वाटीभर उरला, मीठ मात्र होतं तेवढंच. मी कढई अंगणात भिरकावली. चूक माझी आणि राग कढईवर. त्या दिवशी बदलीचा अर्ज लिहायला घेतला.

अर्ज अर्धा झाला आणि भूक आवरेना. मान खाली घालून वहिनींच्या दारात गेलो. भाऊ, म्हणजे त्यांचे यजमान, भाताच्या खाचरात होते. वहिनी तिन्ही पोरांना घेऊन जेवायला बसल्या होत्या. मला पाहताच त्यांनी घाईने तव्यावर ताटली झाकली, पण मला दिसायचं ते दिसलं होतं. कुरडूचीच भाजी, हिरवीगार, मोकळी, लसणाचे तुकडे खरपूस, आणि तेल औषधालाही नाही. मी आठवडाभर जी करायला धडपडत होतो, तीच.

ही कशी केली, असं मी विचारलं. वहिनी ओशाळल्या.

"ही आमची रोजची हाय, गुर्जी. शुक्रवारी तुमच्या ताटात त्याल दिसावं म्हनून आठवडाभर हात आखडून करायची. ही तुमास्नी कशी वाढू? गाव काय म्हनंल?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या पोटात जळत होतं ते या पोरांच्या वाटचं तेल होतं, आणि मी बोटं चाटत ते खाल्लं होतं. मी पोरांशेजारी जमिनीवर बसलो आणि तीच भाजी मागून घेतली. दोन भाकरी खाल्ल्या. संध्याकाळपर्यंत पोट कुरकुरलं नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्या खोलीत आल्या. कढई आधी नीट तापू दिली. कांद्याची अर्धी फोड तेलात टेकवून ती कढईभर फिरवली. लसूण लाल झाल्यावर पाला टाकला, वर ताटली ठेवून तीत पाणी ओतलं, म्हणजे भाजी आपल्याच वाफेवर शिजते आणि करपत नाही. मीठ पाला खाली बसल्यावर. माझा हात आधीच मिठाकडे गेला तेव्हा त्यांनी त्यावर चापट मारली. चार-पाच दिवसांत मला बऱ्यापैकी जमलं. अर्ज मी चहासाठी स्टोव्ह पेटवताना जाळून टाकला.

त्या शुक्रवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. पाट नव्हता. पोरांच्या पंगतीत, भाऊंच्या शेजारी बसलो. माझ्या ताटात ती कोरडी भाजी पाहून भाऊ शरमले आणि तेलाची बुधली आणायला उठले.

"बसा तुमी," वहिनी म्हणाल्या. "त्याल पोरांच्या भाजीत घातलंय."

मी वळून पाहिलं. तिघांच्या ताटांत भाजीवर तेल चकाकत होतं आणि धाकटी बोटं चाटत होती.