म्हशीचं नाव पंचगंगा

भर पुराच्या दिवसांत मी थोरल्या भावाची फटफटी घराच्या दारातच चालू केली. चूक एवढीच.

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला यात गुन्हा दिसणार नाही. त्याला आधी आमच्याकडच्या म्हशी समजायला हव्यात. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशींची शिंगं रंगवतात, गळ्यात माळा घालतात आणि त्यांना रस्त्यावर आणतात. मालक सायलेन्सर काढलेल्या फटफटीवर बसून पुढे सुटतो आणि म्हैस शेपूट उभारून त्याच्यामागं धावते. दोरी नाही, काठी नाही. मायेपोटी धावते, असं लोक म्हणतात. माया असेलही, पण मूळ कारण पेंड. रेडकू असल्यापासून तिला त्या आवाजामागं पळवायचं, पळून झालं की पेंडीचा गोळा चारायचा आणि मग नदीत डुंबायला सोडायचं. असं करता करता फटफट, पेंड आणि नदी ही तिच्या डोक्यात एकच गोष्ट होऊन बसते. मग तो आवाज कानावर पडला की ती दावं बघत नाही आणि खुंटाही बघत नाही.

म्हणून आमच्या घरात एक नियम होता. म्हैस गाभण असली की फटफटी दारात चालू करायची नाही. दादा ती ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत न्यायचा, पंचगंगा लाँड्री ओलांडायचा आणि मग किक मारायचा. पावसात ढकलायचा, ताप असला तरी ढकलायचा. मी बी.ए. होऊन नोकरीच्या शोधात घरीच होतो, म्हणजे ढकलताना बघायला मी रोज हजर असायचो. नियम मला माहीत नव्हता असं म्हणायची सोय नाही.

म्हशीचं नाव पंचगंगा. ती वहिनीची. माहेरहून आंदण म्हणून आली तेव्हा ती रेडकाएवढी होती, आणि वहिनीही फार मोठी नव्हती. वहिनीचं माहेर भोगावतीच्या काठचं. आमच्याकडे आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिला दिसलं की या पेठेत ज्याला त्याला नदीचं नाव आहे. पंचगंगा लाँड्री, पंचगंगा टी हाऊस, पंचगंगा हेअर कटिंग सलून, झालंच तर कोपऱ्यावरचं पंक्चर काढायचं दुकान. तिनं म्हशीचं नाव तेच ठेवलं तेव्हा आई बिथरली. नदीचं नाव दावणीला बांधू नये, म्हणाली. वहिनी एवढंच बोलली, "लाँड्रीला चालतंय, न्हाव्याला चालतंय. माझ्या म्हशीनंच काय घोडं मारलंय?"

त्यानंतर आमच्या घरात दोन पंचगंगा झाल्या. एक वर्षातून एकदा उंबऱ्याच्या दिशेनं यायची, दुसरी रोज सकाळ-संध्याकाळ चरवी भरायची. घर दुसरीवर चालायचं.

ही गोष्ट सत्तर सालानंतरच्या एका श्रावणातली. म्हैस शेवटच्या महिन्यात होती. तिचं हे दुसरं वेत, आणि वहिनी तिच्याभोवती बाळंतिणीच्या आईसारखी फिरत होती. पाऊस थांबत नव्हता. एके दिवशी सकाळी गल्लीत ओरड झाली की पाणी घाटावरच्या देवळांवरून गेलं, दीपमाळांचे नुसते शेंडे दिसतायत. आता कोल्हापुरात पाणी बघायला जाणं हे एक कामच असतं. माणसं डबा खाऊन जातात, पोरांना खांद्यावर घेतात, कणसं भाजून घेतात. दादा वैरण आणायला सायकलवर गेला होता. फटफटी दारात होती. चालत गेलो असतो तर पाणी काय ओसरलं नसतं. पण टी हाऊससमोर बसणारे माझे दोस्त तिथं असणार, आणि त्यांच्यासमोरून चालत जाण्यात काय मजा?

किक मारली. एका किकेत चालू झाली, याचा मला अभिमान वाटला.

लाँड्रीसमोरून गेलो तेव्हा लाँड्रीवाले चाचा इस्त्री हातात धरून बाहेर आले आणि काहीतरी ओरडले. मी हात केला. सलूनमध्ये अर्धी दाढी झालेला एक माणूस खुर्चीतून उठला. त्यालाही हात केला. टी हाऊससमोरचे दोस्त तर बाकावर चढले आणि दोन्ही हात हलवायला लागले. सायलेन्सर नसलेल्या गाडीवर बसलं की माणसाला स्वतःशिवाय काही ऐकू येत नाही. माझी समजूत अशी की पेठ माझ्यावर खूष आहे.

उतारावर पाण्याच्या कडेला जाऊन थांबलो, फटफटी बंद केली, तेव्हा मागं खुरांचा आवाज आला. वळून पाहिलं. तुटलेलं दावं गळ्यात, तोंडाला फेस, पोट दोन्ही बाजूंना हेलकावतंय, अशी ती येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. माझ्याकडं बघितलं. पेंड मागत होती.

माझ्याकडं पेंड कुठली? मी खिशातून अर्धं खाल्लेलं कणीस काढलं. तिनं ते हुंगलं आणि सोडून दिलं. मग क्रमानं पुढचं जे ठरलेलं होतं ते तिनं केलं. नदीत शिरली.

"धर की! आरं धर!" लोक ओरडत होते. मी दावं धरलंही. पण पाण्यात शिरणारी म्हैस आणि काठावरचा पदवीधर यांत ओढाताण फार वेळ चालत नाही. गुडघाभर पाण्यात मी पालथा पडलो आणि दावं हातातून गेलं.

रोजची नदी असती तर ती अर्धा तास डुंबून आली असती. तिला काय ठाऊक, ही ती नव्हे! लालभडक पाणी, मधोमध वाहणारे ओंडके. थोडा वेळ ती मजेत होती. मग पाय सुटले. बघता बघता ती धारेला लागली आणि खालच्या बावडा गावाच्या अंगाला सरकायला लागली. नुसतं डोकं आणि दोन शिंगं वर.

तेवढ्यात दादा आला. चाचांनी त्याला वाटेतच गाठलं होतं. सायकल टाकून तो पाण्याकडं धावला, आणि पाठोपाठ वहिनी, शेणाचे हात तसेच. काठाकाठानं पळत तिनं हाक मारायला सुरुवात केली, "पंचगंगेऽ! ये गं बाई, पंचगंगेऽ!" पुराला आलेल्या नदीच्या काठावर उभं राहून एक बाई नदीचंच नाव घेऊन टाहो फोडते आहे. पाणी बघायला आलेल्या म्हाताऱ्या बायकांनी हात जोडले. ती काय मागते आहे आणि कुणाकडं, हे त्यांना कळत नव्हतं.

"फटफटी चालू कर!" दादा माझ्यावर ओरडला. "आवाज ऐकून फिरंल ती! कर चालू, लेका!"

मी किक मारली. एकदा फट् झालं. तेवढ्यानं, मी डोळ्यांनी पाहिलं, पाण्यातलं ते डोकं वळलं. तिनं काठाकडं तोंड केलं. मी पुन्हा मारली, पुन्हा मारली, घोटा सोलून निघेपर्यंत मारत राहिलो. फटफटी गप्प. दादानं मला ढकलून दिलं, वाकून हात घातला आणि पेट्रोलची चावी उघडली. इथं आल्यावर ती मीच बंद केली होती. पेट्रोल वाचवायला. घरात कसलीच काटकसर न करणाऱ्या माणसाला तेवढी एक बुद्धी त्या दिवशी सुचली होती.

फटफटी धडाडली तोवर ती वळणाआड गेली होती.

सापडली दुपारी, बावड्याच्या खाली, पाण्यात बुडालेल्या उसात. मान तेवढी वर धरून उभी होती. तालमीतली पोरं ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून गेली, दोर बांधले आणि तिला बाहेर काढलं. तिचं सगळं अंग थरथरत होतं. वहिनीनं पदर सोडून तिचे डोळे पुसले, मग पोटावर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली. हात कुठं काही हलतंय का ते शोधत होता. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघत होतो. बराच वेळ गेल्यावर तिनं हात काढला आणि पदर परत डोक्यावर घेतला.

त्याच आठवड्यात म्हैस व्याली. रेडी होती, पुरी वाढलेली, काळीभोर आणि मेलेली. वहिनी गोणपाटानं तिला पुसत राहिली. दादा म्हणाला, "आता राहू दे." तरी पुसत राहिली.

मला कुणी शिवी दिली नाही. दादानं हात उचलला असता तर बरं झालं असतं. तो फक्त ताट पुढं सरकवायचा आणि म्हणायचा, "खा." शेजारच्या बायका दारात येऊन कुजबुजत. नदीचं नाव दिलं तेव्हाच नदीनं लिहून ठेवलं होतं, असं त्यांचं मत. आईला आपण आधीच सांगितलं होतं याचं समाधान घेता येत नव्हतं, इतकी ती खचली होती. वहिनीनं म्हशीला नावानं हाक मारणं सोडलं. नुसतं "बाई" म्हणायची. माझ्याशी तर तेवढंही बोलत नव्हती.

खरी अडचण पुढं आली. म्हैस पान्हा सोडेना. समोर रेडकू नसेल तर म्हैस दूध चढवून धरते. सड दगडासारखे झाले. हात लावला की लाथ. लोकांनी रीत सांगितली, मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून समोर उभं करा, फसते. वहिनी चिडली. "फसवायची न्हाय तिला. एकदा फसवलीया की." तिनं माझ्याकडं बघितलं नाही, पण ते वाक्य मला शोधत आलं. असंच राहिलं तर म्हैस आटणार, आणि आटलेली म्हैस कुणी ठेवत नाही. दादा एका व्यापाऱ्याशी बोलूनही आला होता. हे वहिनीला माहीत होतं.

त्या दिवसांत गोठा झाडायचं काम मी आपणहून घेतलं होतं. एका सकाळी पाऊस गळत होता म्हणून कोपऱ्यात पडलेलं गोणपाट डोक्याखांद्यावर घेतलं आणि म्हशीसमोर शेण भरायला बसलो. मागून गरम श्वास आला. तिनं गोणपाट हुंगलं. पुन्हा हुंगलं, खोल. आणि मग माझी मान चाटायला लागली. म्हशीची जीभ म्हणजे सुताराचा रंधा असतो. मी ओरडून उठणार तोच दारातून वहिनीचा आवाज आला, कित्येक दिवसांनी माझ्यासाठी काढलेला.

"हलू नका भावजी."

"वैनी, सोलतीया ती मला!"

"सोलू दे. बसा म्हनती न्हवं!"

ती चरवी घेऊन खाली बसली. मला दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. आधी काही नाही. मग चरवीच्या तळावर एक धार वाजली. मग दुसरी. वहिनी रडत होती की काय, मला वळून बघता येईना, कारण माझा कान म्हशीच्या तोंडात होता.

तेच गोणपाट होतं ते, रेडीला पुसलेलं.

तिथून पुढं ते वेत संपेपर्यंत दोन्ही वेळेला मी ते पांघरून म्हशीसमोर बसलो. व्यापाऱ्याला दादानं परत पाठवलं. गल्लीतली पोरं दारात जमायची. चाचांनी माझा शर्ट उलटापालटा करून विचारलं, "क्या बाबा, कॉलर कुणी खाल्ली?" मी नोकरीच्या मुलाखतीला गेलो तेव्हा माझ्या मानेवर चट्टे होते. नोकरी लागली नाही. चट्ट्यांमुळं असं मी घरी सांगितलं.

मग एक दिवस ऐन धारेच्या वेळेला पेठ वडगावहून पाहुणे आले. मुलीकडचे. त्यांना दुपारी यायचं होतं, गाडी चुकली. फेटेवाले गृहस्थ सरळ गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले. आत अंधार. वहिनी दूध काढतेय, आणि पुढ्यात गोणपाट पांघरलेला, डोळे मिटलेला एक गडी म्हशीकडून डोकं चाटून घेतोय.

"रामराम," ते वहिनीला म्हणाले. "मुलगा बघाय आलतो. कुठाय?"

"हे काय, समोर बसल्यात."

पाहुण्यांनी फेटा सावरला, बराच वेळ माझ्याकडं पाहिलं आणि आवाज खाली घेऊन विचारलं, "करतोय काय?"

वहिनीनं धार थांबवली नाही.

"रेडकाच्या जागी लावलाय. दुसऱ्या कुठल्या कामाचा न्हाय, पावणं."